समोरून सरळ

संभाजीराव जगदाळे यांचा दुधवाल्यावर विश्वास नव्हता, हे काही विशेष नाही. दुधवाल्यावर कुणाचाच नसतो. पण त्यांचा डॉक्टरांवर, हवामान खात्यावर, लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तावर आणि सख्ख्या भावाच्या खुशालीवरही नव्हता. भाऊ फोनवर ‘मी बरा आहे’ म्हणाला की हे विचारायचे, “मग फोन कशाला केलास?”

त्यांची सगळी नोकरी ग्वाल्हेरच्या वीजखात्यात, मीटरमधली चोरी पकडणाऱ्या पथकात गेली. नई सडकेवरच्या दुकानांपासून मुरारच्या पिठाच्या गिरण्यांपर्यंत, संभाजीराव दारात उभे राहिले की आतल्या माणसाचा चेहरा पडायचा. त्यांचा एक नियम होता. बिघडलेल्या मीटरकडे ते नंतर बघत; जो फार गुणी दिसेल तो आधी उघडत. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल दिली, तीही त्यांनी उलटी करून पाहिली. असा माणूस लोकांना आवडत नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. एका माणसावर मात्र त्यांनी उभ्या जन्मात संशय घेतला नव्हता. ती म्हणजे त्यांची बायको, शालिनीताई. ती सांगेल ते खरं, ती वाढेल ते गोड. का, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तर हे गृहस्थ चित्रकारांसमोर बसायला कसे लागले, ती एक गंमतच आहे. गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या सभागृहात व्याख्यान होतं. वक्त्याचं भाषण लांबलं. लोक चुळबुळले, जांभया दिल्या, एकेक करून चपला शोधायला उठले. संभाजीराव मात्र तसूभर हलले नाहीत, कारण वक्त्याची गाडी देणगीकडे कधी वळते यावर त्यांची नजर होती. मागच्या रांगेत सीमंतिनीबाई बसल्या होत्या. बाई कॉलेजात चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पाटणकर बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी वर्ग घेत. व्याख्यान संपल्यावर त्या थेट संभाजीरावांपाशी आल्या.

“रविवारी आमच्याकडे येऊन बसाल का? मुलं तुम्हाला बघून काढतील.”

“मलाच का?”

“तुम्ही स्वस्थ बसता. असा माणूस मिळत नाही.”

“यात तुमचा काय डाव आहे?”

“मुलांचा हात सुधारावा, हाच.”

संभाजीरावांनी कपड्यांची चौकशी केली. कपडे अंगावरच राहतील, असं बाईंनी हसू दाबून सांगितलं. तरी ते पहिल्यांदा गेले ते बसायला म्हणून नव्हेच, डाव काय आहे ते शोधायला गेले. आणि तिथं अडकले.

अडकले याचं कारण मी सांगतो. जन्मभर लोकांनी त्यांच्याकडे पाहून मान फिरवली होती. इथं खोलीभर पोरं त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि कुणीच काही लपवत नव्हतं. विश्रांतीत कुणी गजकाचा, म्हणजे तिळाच्या वडीचा, तुकडा पुढे करी, कुणी म्हणे, “अंकल, आप तो पत्थर हो.” हे कौतुक आहे हे समजायलाही त्यांना थोडा वेळ लागला. साठी उलटल्यावर त्यांना समजलं की आपल्याला एक गोष्ट फार चांगली येते, आणि ती म्हणजे न हलणं. दुपारी घरी परतताना ते काहीतरी गुणगुणत. शालिनीताई म्हणाल्या, “घरी तर कधी इतके शांत नाही बसले तुम्ही.” पण त्यांना आनंद झालेला दिसत होता.

सीमंतिनीबाईंची शिकवण्याची तऱ्हा वेगळीच होती. दिवाळीपासून सगळा हिवाळा एकच बैठक. आणि ज्यानं जे साधन हातात घेतलं ते त्यानं शेवटपर्यंत सोडायचं नाही. समरजीत शाईनं काढत होता, हर्षिता कोळशानं, गरिमा माती थापत होती, आणखी कुणी पेन्सिलीनं, कुणी पाण्याच्या रंगांनी. बाई म्हणायच्या, “हातातल्या वस्तूला काय जमत नाही ते आधी शोधा. तिला काय जमतं ते मग आपोआप कळेल.” मुलं कुरकुरायची. समरजीत म्हणायचा, शाईला चूक पुसता येत नाही म्हणून त्याची रात्रीची झोप उडाली आहे. हर्षिताच्या कोळशाला शर्टाची बटणं येत नव्हती, पण संभाजीरावांच्या डोळ्यांतला संशय असा काही आला होता की तो कागद पाहून शालिनीताईंच्या तोंडून “अगंबाई” निघालं असतं. गरिमाच्या मातीला नेमका तो संशय येत नव्हता. मातीत बुबुळ कुठून आणणार?

बसायची जागा बदलू नये म्हणून पहिल्याच दिवशी खुर्चीच्या पायांभोवती आणि संभाजीरावांच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारली होती. विश्रांतीनंतर ते रेघेत पाऊल ठेवून बसले की झालं. आणि इथंच भानगड सुरू झाली. एका रविवारी बैठक संपली, त्यांनी खाली पाहिलं, तर उजवं पाऊल रेघेबाहेर. आपण हललो नाही, हे ते गंगेत उभं राहून सांगायला तयार होते. म्हणजे रेघ हलली. कुणीतरी विश्रांतीत पुसून पुन्हा काढली असणार.

त्याच दिवशी त्यांचं लक्ष गरिमाच्या मातीकडे गेलं. खुर्चीवरचा मातीचा म्हातारा पुढे कलला होता. आता खाली पडतो की काय असा.

“ये मैं हूँ?” त्यांनी विचारलं.

“पता नहीं अंकल,” गरिमा रडकुंडीला येऊन म्हणाली, “मेरी मिट्टी हर हफ़्ते बैठ जाती है. सीधा करती हूँ, आपको देखती हूँ, फिर झुकाना पड़ता है.”

संभाजीरावांना हे उत्तर मुळीच पटलं नाही. त्यांनी बाकीचे कागद पाहिले. समरजीतच्या शाईत ते ताठ, हर्षिताच्या कोळशात ताठ, पेन्सिलीत ताठ. सगळी खोली एक सांगते आणि एक पोरगी दुसरंच. मग खोटं कोण बोलतं हे सांगायला पंचांग लागत नाही. त्यांनी सहज विचारल्यासारखं करून गरिमाला घर विचारलं. मुरार. वडिलांचं काम? आटा चक्की. झालं. मुरारमध्ये एका गिरणीचा मीटर त्यांनीच उघडला होता, मोठा तमाशा झाला होता. पोरगी बापाचा सूड मातीतून उगवते आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

आठवडाभर ते हेच चघळत राहिले. घरीही काही सरळ चाललं नव्हतं. स्कूटरची किल्ली हरवली होती. ती अंशुलनं, म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या मुलानं, दिवाळीला आला तेव्हा लांबवली असणार, कारण स्कूटर विका म्हणून तो कधीचा मागे लागला होता. चहाचा पेला हल्ली अर्धाच भरून येई; ती दुधवाल्याची करामत. शिंप्यानं नव्या शर्टांना काज इतकी लहान ठेवली की बटणं लागेनात. मग शालिनीताईंनी डोक्यातून घालायचे झब्बे आणले. संभाजीरावांनी शिंप्याला नई सडकेवर गाठून झापलं. तो बिचारा हातात मापाची पट्टी धरून उभा राहिला. किल्लीसाठी त्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं, अंशुलची जुनी पुस्तकंसुद्धा झटकली. फक्त स्वयंपाकघराला हात लावला नाही. ते शालिनीताईंचं राज्य, तिथं शोधायचं काय?

पुढच्या रविवारी त्यांनी खात्यातली जुनी युक्ती वापरली. खडूच्या रेघेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर स्वतःची सही ठोकली. मुलं हसली. समरजीत म्हणाला, “अंकल ने तो फ़र्श सील कर दिया.” संभाजीरावांनी लक्ष दिलं नाही. ते बसले. उठले तेव्हा पट्टी जागेवर, सही जागेवर, आणि उजवं पाऊल पुन्हा बाहेर. त्यांनी खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासले. खुर्चीतही काही नव्हतं.

मग त्यांनी गरिमाला सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्हारी चक्की का मीटर मैंने पकड़ा था. उसी का बदला है ना ये?”

गरिमा आधी बावरली, मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. “वो तो ताऊजी की चक्की थी, अंकल, पापा के बड़े भाई की. पापा से उनकी बोलचाल ही नहीं है. पापा ने तो उस दिन पेड़े बाँटे थे.”

सगळी खोली हसली. संभाजीरावांचा चेहरा लालबुंद झाला आणि ते हट्टाला पेटले. सीमंतिनीबाईंना म्हणाले, “बाई, या मुलीला मातीचं येत नाही. एक तर ती राहील, नाहीतर मी.” बाईंनाही मुलीच्या हाताबद्दल शंका येऊ लागलीच होती. आत घातलेल्या तारेचा सांगाडा कच्चा असणार, असं त्या म्हणाल्या आणि पुतळा मोडून नव्यानं करायला सांगितला. गरिमानं डोळे पुसत हिवाळ्याचं काम मोडलं. जाड तार आणून नवा सांगाडा वळला. त्यावर माती चढवली, आणि तो म्हातारा दुसऱ्याच रविवारी पहिल्यापेक्षा जास्त कलला.

आता संभाजीरावांना राग येईना. आपली ही खुर्ची जाईल, हे त्यांच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं. का जाईल हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्याला प्रश्न विचारायची सवय असलेल्या माणसाला ते अवघड जातं.

पुढच्या रविवारी मातीचा म्हातारा ताठ बसला होता. पाठ सरळ, मान सरळ, दोन्ही पावलं नेमकी जागेवर. सीमंतिनीबाई “वा” म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गरिमा मात्र मान खाली घालून बोटांची माती खरवडत होती. संभाजीरावांनी पुतळ्याभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. इतका गुणी पुतळा. कमरेपाशी माती ताजी होती आणि तिथं अंगठ्याचे ठसे घाईनं उमटलेले होते. त्यांनी गरिमाला खिडकीपाशी बोलावलं.

“मुझे देखकर नहीं बनाया ये. तार मोड़ी है. किसके कहने से?”

“आप ही तो चाहते थे, अंकल.”

“मेरे कहने से तूने पूरा पुतला तोड़ दिया, पर झूठा नहीं बनाया. अब बनाया. किसके कहने से?”

गरिमानं एकदा वळून पुतळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “आंटी आई थीं. शालिनी आंटी. यहीं, बुधवार को, मैं मिट्टी गीली करने आई थी तब. बोलीं, बेटा, सीधा कर दे, उनको दिखना नहीं चाहिए.”

संभाजीराव खिडकीचा गज धरून उभे राहिले. खाली पाटणकर बाजारात दुकानं उघडत होती. डाव होता तर. सुरुवातीपासून त्यांना वास येत होता तो खोटा नव्हता. फक्त तो जिथून येईल असं त्यांना वाटलं होतं, तिथून आला नव्हता.

ते सीमंतिनीबाईंकडे वळले. “बाई, खरं सांगा. मी कलतो?”

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या.

“मग बाकीच्यांच्या कागदावर ताठ कसा?”

“ही सगळी समोर बसतात. पुढे वाकलेला माणूस समोरून सरळच दिसतो, संभाजीराव. आणि समरजीतनं पहिल्या रविवारी शाईची रेघ मारली, ती त्याला मागे घेता येत नाही. त्याच्या कागदावर तुम्ही अजून दिवाळीतले आहात. मातीला मात्र चारी बाजूंनी फिरावं लागतं, दर आठवड्याला नव्यानं.” बाई पुतळ्याकडे वळल्या. “मला हे कळायला हवं होतं. मी मातीवर संशय घेतला, मुलीवर घेतला. तुमच्यावर घ्यायचं सुचलंच नाही.”

ते घरी आले तेव्हा शालिनीताई अंगणातल्या उन्हात मटार सोलत होत्या. संभाजीराव बसले नाहीत.

“तू त्या पोरीकडे गेली होतीस?”

शालिनीताईंचे हात थांबले. “हो. मीच गेली होती.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“दिवाळीच्या आधीपासून. तुम्ही चालता तर तुमचा उजवा हात हलत नाही. पाय घासतो. मी अंशुलला बोलली, त्यानं तिकडे डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, दाखवून घ्या लवकर.”

“आणि मला नाही सांगितलंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता का त्या खुर्चीवर? पहिल्याच दिवशी सोडून आले असते.” त्यांचा आवाज चढला. “इतकी वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून घरी येत होते तुम्ही. रविवारी गाणं म्हणत येता. मी म्हटलं, एक थंडी तर निघू दे. मग गरिमाचा तो पुतळा पाहून तुम्ही घरात रोज आरडाओरडा करायला लागले, तर मला भीती वाटली की आता समजणार यांना.”

“स्कूटरची चाबी?”

“तांदळाच्या डब्यात.”

“चहा?”

“मीच अर्धा भरते. सांडतो तुमच्याकडून.”

“आणि काज?”

“काज बरोबर होते. तुमची बोटं…” त्यांनी पुढची शेंग हातात घेतली.

संभाजीरावांना भयंकर राग आला. त्यांना वाटलं, ओरडावं, टोपली उलथून टाकावी, सबंध गल्लीला ऐकवावं की माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट झाला. तोंडही उघडलं त्यांनी. पण जे बाहेर आलं ते वेगळंच होतं.

“शालिनी, मला भीती वाटते गं.”

“मला पण,” शालिनीताई म्हणाल्या आणि सरकून त्यांना चटईवर जागा करून दिली. मग दोघांनी मिळून मटार सोलले. त्यांच्याकडून अर्धे दाणे खाली सांडत होते आणि या वेळी शालिनीताईंनी ते उचलण्याची घाई केली नाही.

डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला, चालायला लावलं, आणि कंपवात म्हणून सांगितलं. “हात थरथरत नाही तर कंपवात कसला?” म्हणून संभाजीरावांनी वाद घातला आणि मुरारला दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी तेच सांगितलं, वर गोळ्यांनी बरंच निभतं असंही सांगितलं. संभाजीरावांनी गोळ्यांची तारीख तपासली, दुकानदाराला गोळ्यांची दुसरी पट्टी दाखवायला लावली, आणि घेऊ लागले.

खुर्ची सोडायची की नाही, हे ठरवायला त्यांना पुढचा रविवार उजाडावा लागला. शालिनीताई म्हणाल्या, “मी पण येते आज.” संभाजीरावांनी दार उघडं धरलं. जिना चढताना थांबले, पुन्हा चढले. वर गेल्यावर ते आधी गरिमापाशी गेले. पुतळा अजून तसाच, खोटा ताठ बसला होता.

“माफ़ करना बेटा,” ते म्हणाले. हे शब्द त्यांनी कधी कुणाला म्हटल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. “इसको वापस झुका दे.”

“बिना देखे कैसे झुकाऊँ, अंकल? आप बैठिए.”

ते बसले. शालिनीताई मागे भिंतीशी एका स्टुलावर टेकल्या. आजवर संभाजीराव खुर्चीवर बसत ते स्वतःला ताणून, धाडीच्या वेळी दारात उभे राहायचे तसे. आज त्यांनी ताण सोडून दिला. खांदा जिथं जायचा तिथं जाऊ दिला, पाऊल जिथं सरकायचं तिथं सरकू दिलं. सीमंतिनीबाईंनी सगळ्यांना उठवलं आणि त्यांच्या बाजूला, एका कडेनं बसवलं. समरजीतनं नवा कागद काढला. गरिमा त्यांच्याभोवती फिरत होती, बघत होती, तार वाकवत होती. तिला घाई नव्हती आणि कुणी तिला थांबवलंही नाही.

विश्रांतीची वेळ झाली. संभाजीराव उठायला गेले आणि उठता येईना. अंग जागेवर थिजल्यासारखं झालं. हुकूम दिला तरी गुडघे ऐकेनात. सगळी खोली समोर, आणि आपण खुर्चीला खिळलेले. त्यांना लाज वाटली, फार वाटली. तेवढ्यात पाठीमागून एक हात त्यांच्या काखेखाली आला आणि वर ओढू लागला. बायकोचा असेल, बाईंचा असेल, नाहीतर मुरारच्या त्या पोरीचा. संभाजीरावांनी आपला सगळा भार त्या हातावर टाकला, आणि तो कुणाचा आहे हे वळून पाहिलं नाही.